माजघर आणि ओसरी

(नाशिक येथे पालक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणासाठी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा विषय निवडला जावा, याचे सभागृहातील काही ज्येष्ठांना नवल वाटले असेल. गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत मे महिन्याच्या संध्याकाळी वेदान्तापासून पाणीवाटपापर्यंत सर्व विषय कान देऊन ऐकणाऱ्या नाशिककरांना हा विषय हलका वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु मुलीसाठी स्थळ पाहायला जाताना आपण त्या घराची माणसे पाहतो, दार-अंगण पाहतो, शेजाऱ्यांकडे हळूच चौकशीही करतो. मग तीच मुलगी रोज रात्री ज्या घरात मनाने राहायला जाते, त्या घराची चौकशी करण्यात कमीपणा कसला? ते घर पडद्यावरचे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही.

ते घर मराठीत २०१५ साली उघडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत झी मराठी वाहिनीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका सुरू झाली आणि वर्षभर चालून पुढच्या फेब्रुवारीत संपली. मुंबईतील एका सदनिकेत एकत्र राहणारे तीन मुलगे आणि तीन मुली, एवढाच तिचा पसारा. सुव्रत जोशी, अमेय वाघ, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे ही सहा नावे तेव्हा महाविद्यालयांच्या आवारात क्रिकेटपटूंच्या नावांसारखी घेतली जात. सासू-सुनांच्या कारस्थानांना विटलेल्या अनेक घरांत वडीलधाऱ्यांनीही ती मालिका पाहिली; काहींनी उघडपणे, काहींनी वर्तमानपत्राच्या आडून.

त्या सदनिकेचे नाव मोठे विलक्षण होते. ती माणसे आपल्या घराला ‘माजघर’ म्हणत.

आजच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी खरे माजघर पाहिले आहे, हा प्रश्नच आहे. जुन्या नाशकातील जे थोडे वाडे अजून उभे आहेत, त्यांत ते सापडेल. वाड्याला आधी ओसरी. तिथे पुरुषांची बैठक, पाहुण्यांचे पाणी, हिशेब, वादविवाद. सर्वांत आत स्वयंपाकघर, देवघर नि पलीकडे परसू. या दोहोंच्या मधोमध, उजेड थोडा कमी, गारवा थोडा जास्त, अशी जी जागा ते माजघर. पाळणा तिथे टांगलेला. बाळंतिणीची खाट तिथे, दुपारची निवडणटिपण तिथे, आणि मनातले बोलणेही तिथेच. परक्या माणसाने ओसरी ओलांडून माजघरात पाऊल टाकायचे नाही, असा संकेत होता. ज्याला माजघरापर्यंत मुभा मिळाली, तो घरचा झाला.

सहा तरुणांनी आपल्या भाड्याच्या घराला हे नाव दिले, यात मालिका लिहिणाऱ्यांची जाण दिसते. मात्र या नव्या माजघराला पुढे ओसरी नाही आणि मागे देवघर नाही. वाड्याचा मधला खण तेवढा उचलून बहुमजली इमारतीत नेऊन ठेवावा, तसे हे झाले आहे. दाराशी उभे राहून ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारणारे कुणी नाही, आणि आतून ‘जेवलीस का ग?’ म्हणणारेही कुणी नाही. ही दोन्ही कामे त्या सहा जणांनी आपापसांत वाटून घ्यायची आहेत. मालिकेतील गंमत याच ओढाताणीतून उभी राहते.

हा साचा मूळचा आपला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेत २२ सप्टेंबर १९९४ रोजी ‘फ्रेंड्स’ या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. दहा हंगाम आणि दोनशेहून अधिक भाग होऊन ती मे २००४ मध्ये संपली. पण संपली असे म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण तिच्या शेवटच्या भागानंतर जन्मलेली मुले आज मोबाइलवर ती पहिल्यापासून पाहत आहेत. या मालिकेविषयी आपल्याकडे बहुधा न पाहताच बोलले जाते. म्हणून तिचा पहिला भाग थोडा सविस्तर सांगितला पाहिजे.

न्यूयॉर्कमधील एका कॉफीच्या दुकानात चार-पाच मित्रमैत्रिणी गप्पा मारीत बसल्या आहेत. त्यांतील दोघे महाविद्यालयात एका खोलीत राहिलेले. एक त्यांतल्याच एकाची बहीण. दार उघडते आणि लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात, भिजलेली, एक मुलगी आत येते. ती रेचेल. श्रीमंत डॉक्टरची लेक. त्याच दिवशी तिचे लग्न एका दंतवैद्याशी होते, आणि ती मांडवातून पळून आली आहे. कारण काय, तर आहेर मांडून ठेवलेल्या खोलीत ती बसली होती आणि रस्सा वाढायच्या एका सुरेख भांड्याकडे पाहताना तिच्या ध्यानात आले की, या भांड्याची जितकी ओढ आपल्याला वाटते, तितकी होणाऱ्या नवऱ्याची वाटत नाही! प्रेक्षक हसतात. परंतु आहेराच्या ढिगाकडे पाहून मनातल्या मनात असा हिशेब करणाऱ्या मुली आपल्याकडे झाल्याच नसतील, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? फरक एवढाच की त्यांनी भांडे निमूटपणे फडताळात ठेवले.

ही रेचेल येते ती मोनिका नावाच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे. येथे एक बारीकसा तपशील आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रेचेलने मोनिकाला लग्नाचे आमंत्रणच दिलेले नव्हते. वैभवात असताना जिची आठवण झाली नाही, तिच्याच दारी ती संकटात येते. मोनिका ते बोलून दाखवते, एकदाच, आणि तिला घरात घेते. दोन-तीन दिवसांनी रेचेल नोकरी शोधायला बाहेर पडते. सगळीकडे तिचे हसे होते, आणि मन रमवायला म्हणून ती वडिलांच्या क्रेडिट कार्डावर बूट विकत घेऊन येते. तेव्हा हे मित्र तिला टेबलाशी बसवतात, हातात कात्री देतात आणि वडिलांची सारी कार्डे कापायला लावतात. पुढे ती त्याच कॉफीच्या दुकानात ट्रे उचलू लागते.

या प्रसंगाचे दोन अर्थ होतात. बापाच्या पैशाशी नाते तोडणे म्हणजे बापाशीच नाते तोडणे, असा एक अर्थ तिकडच्या तरुणांनी घेतला आणि त्याचे परिणाम त्या समाजात दिसतात. दुसरा अर्थ असा की, बापाचे कार्ड वापरायचे आणि बापाचे ऐकायचे मात्र नाही, हा दुटप्पीपणा मित्रांनी चालू दिला नाही. आपल्याकडे पुण्यात शिकणाऱ्या कितीतरी चिरंजीवांना हा दुसरा अर्थ समजावून सांगण्यासारखा आहे.

आणि आणखी एक गंमत. स्वयंपाकीण म्हणून काम करणाऱ्या मोनिकाला न्यूयॉर्कमध्ये एवढे ऐसपैस घर परवडते कसे, असा प्रश्न प्रेक्षकांना पडत असे. मालिकेनेच त्याचे उत्तर दिले आहे: ते घर तिच्या आजीच्या नावावरचे, जुन्या भाडेनियंत्रणातले आहे. म्हणजे जगभरच्या तरुणांना ज्या स्वतंत्र, स्वावलंबी, वडीलधाऱ्यांवाचूनच्या घराची भुरळ पडली, त्या घराचे भाडेही शेवटी आजीच्या पुण्याईवर चालले होते! आजी पडद्यावर फारशी दिसत नाही एवढेच.

आता आपल्या माजघराकडे येऊ. तिथेही एक मुलगी लग्नातून बाहेर पडून येते. पण रेश्मा पळून आलेली नाही. ती रीतसर लग्न करून, घरच्यांच्या आशीर्वादाने मुंबईला आली आहे. तिथे तिला कळते की नवऱ्याचे दुसऱ्याच मुलीशी संबंध आहेत. रेचेलने लग्न मोडले. रेश्माला मोडलेले लग्न हाती मिळाले. हा फरक मराठी लेखकांनी केला, तो वरवरचा नाही. आपल्याकडचे खरे दुःख त्यांनी ओळखले. आपल्या समाजात लग्नाच्या दिवशी मांडवातून निघून जाणारी मुलगी क्वचित; पण लग्नानंतर फसवणूक कळलेली आणि कुणाला सांगावे हे न कळलेली मुलगी दुर्मीळ नाही. ती कुठे जाईल?

या प्रश्नाचे उत्तर देणे समाजाला दीर्घकाळ जमलेले नव्हते. माहेर हे एक उत्तर होते. परंतु माहेरी धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते, वडिलांचा रक्तदाब असतो, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न दारातच उभा असतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तो याच कारणाने, की विधवा मुलींना घर असूनही घर नव्हते. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा इतिहास झाकून ठेवू नये. रेश्मा माहेरी न जाता माजघरात राहिली, यावर ‘मालिका आमच्या मुलींना बिघडवतात’ एवढेच म्हणून थांबणे सोपे आहे. आपल्या मुलीवर असा प्रसंग आला तर पहिला फोन ती घरी करील अशी खात्री कितीजणांना आहे, हा प्रश्न मात्र अवघड आहे. सभागृहातील मुलींनी या प्रश्नाचे उत्तर येथे देऊ नये. घरी गेल्यावर आईला द्यावे.

संकटातील माणसाला मित्राने घरात घेणे, ही अमेरिकेहून आलेली रीत आहे असे समजण्याचे तर काहीच कारण नाही. नाशिककरांना तरी हे सांगायला नको. भगूरच्या सावरकरांच्या घरावर १८९९ साली प्लेगचा घाला पडला; वडील गेले, काका गेले, भाऊ आजारी पडले. त्या दिवसांत प्लेगच्या घरातून आलेल्या माणसाला दारात उभे करायलाही लोक भीत. अशा वेळी तिळभांडेश्वराच्या गल्लीत दातारांच्या घराने या मुलांना आसरा दिला. स्वतःच्या मुलाबाळांच्या जिवाची जोखीम पत्करून दिला. त्याच परिसरात पुढे काही तरुण मित्र जमू लागले, त्यांनी आपल्या जमावाला नावही साधेच ठेवले: मित्रमेळा. पायाने अधू असलेले आबा दरेकर या मित्रांत आले आणि महाराष्ट्राला कवी गोविंद मिळाले. या मेळ्याचे पुढे काय झाले तो इतिहास सर्वांना पाठ आहे, तो येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. आज लक्षात घ्यायचे ते एवढेच की, ती मुले ज्या घरांत जमत, त्या घरांना ओसरी होती. येसूवहिनी त्याच घरात होत्या. मित्र आणि घर यांत निवड करावी लागत नव्हती.

मग निवड करण्याची वेळ आली कशी? याचा दोष मालिकांना देऊन चालणार नाही. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ साली सुरू झाली. या गाडीचे पासधारक ही नाशिकची एक स्वतंत्र जमातच आहे. पहाटे उठून डबा घ्यायचा, मुंबईत दिवसभर नोकरी करायची आणि रात्री परत नाशिकरोडला उतरायचे. ऊर फुटेस्तोवर दगदग, पण जेवण घरी. त्या पिढीने मुंबईची नोकरी केली, मुंबईचे घर केले नाही. तिच्या मुलांना ते शक्य नाही. पुण्याच्या संगणक कंपनीत रात्रपाळी करणारा मुलगा रोज संगमनेर, नारायणगाव करीत नाशिकला कसा येणार? तो चौघांत खोली घेऊन राहणार. पूर्वी महाविद्यालयाचा कट्टा संध्याकाळी मोडे आणि जो तो दिवेलागणीला आपापल्या घरी जाई. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ या कादंबरीत पुण्याचा असा कट्टा आहे. तीवर संजय जाधव यांनी २०१३ साली चित्रपट काढला आणि दोन वर्षांनी या मालिकेची निर्मितीही त्यांच्याच संस्थेने केली. कादंबरीपासून मालिकेपर्यंत येताना मधल्या काळात काय झाले, तर कट्टा उन्हातून उठून घरात आला. आता तो मोडतच नाही. मित्रच सकाळी चहा करतो, मित्रच तापात कपाळावर पट्ट्या ठेवतो.

आणि येथेच काळजीचे ठिकाण आहे. चहा करणे, पट्ट्या ठेवणे हे मित्र करू शकतो. कटू बोलणे त्याला जमते का? वडीलधाऱ्यांच्या घरात हे काम आपोआप होत असे. जरा जास्तच होत असे, हेही खरे. सहा समवयस्कांच्या घरात सहाव्याने पाचव्याला ‘तू फार प्यायला लागला आहेस’ म्हणून सांगणे महाकठीण. ‘फ्रेंड्स’मध्ये चँडलरचे काम करणारा मॅथ्यू पेरी हा सहांतील सर्वांत विनोदी नट. पडद्यावर तो जगाला हसवीत होता तेव्हा प्रत्यक्षात दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात बुडालेला होता. २०२२ साली त्याने आत्मचरित्र लिहून हे सारे सांगितले. त्या काळात रेचेलचे काम करणारी जेनिफर ॲनिस्टन आपल्याकडे आली आणि तू पितोस हे आम्हा सर्वांना कळते आहे, असे तिने स्पष्टपणे सांगितले, याची आठवणही त्याने कृतज्ञतेने काढली. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी तो गेला. मालिकेच्या दोनशेहून अधिक भागांत मैत्रीचे जे चित्र रंगवले आहे, त्याहून हा एक पडद्यामागचा प्रसंग अधिक मोलाचा आहे. खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो लक्षात ठेवावा. ॲनिस्टनच्या बोलण्याने पेरी सुधारला नाही. तरीही ती बोलली.

सखी गोखले हिची आई शुभांगी गोखले. २००१ ते २००४ या काळात ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना शुभांगीताईंची श्यामला आठवत असेल. दिलीप प्रभावळकरांचे आबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. तीन पिढ्या एका छताखाली. त्या घरात तरुण नातवाचा विनोद आजोबांवर होई आणि आजोबांचा नातवावर, आणि मधल्या मध्ये श्यामला सगळ्यांचे करून वैतागलेली. दहा-बारा वर्षांनी तिचीच लेक माजघरातली रेश्मा झाली. आई तीन पिढ्यांच्या घराची सून, आणि मुलगी कुणाचेच नसलेल्या घराची रहिवासी. मराठी मध्यमवर्गाने या काळात किती अंतर कापले, याचा यापेक्षा नेमका पुरावा कुणी मागू नये. आणि गंमत म्हणजे माजघरात सगळ्यांचे हवे-नको पाहते कोण, तर तीच रेश्मा. ओसरी गेली, देवघर गेले, तरी श्यामलेचे काम कुणाला तरी करावेच लागले. ते मुलीच्याच वाट्याला का यावे, हा प्रश्न ‘टिपरे’ने विचारला नव्हता आणि माजघरानेही फारसा विचारला नाही. मुलाला पुण्याला पाठवण्याआधी त्याला वरणभात आणि स्वतःचे कपडे धुणे शिकवले, तर तो प्रश्न आपल्यापुरता सुटण्यासारखा आहे.

येथवर आपल्या मुलांविषयी झाले. पण नाशिक हे आता नुसते मुले पाठवणारे गाव राहिलेले नाही. मुक्त विद्यापीठ येथे आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. कॉलेज रोड नि गंगापूर रोडच्या परिसरात ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’ अशा पाट्या दिसतात. सटाणा, कळवण, नंदुरबार, धुळे येथल्या मुली त्या जागांत राहतात. एका खोलीत चार खाटा, सामायिक न्हाणीघर, रात्री साडेनऊनंतर दार बंद आणि पाहुण्यांना मज्जाव. भाडे महिन्याच्या पाच तारखेला. मालिकेतले माजघर पाहून आपण खूप चर्चा केली. हे माजघर आपल्याच माडीवर आहे. त्या मुलींपैकी एखादी चार दिवस खोलीबाहेर पडली नाही, तर घरमालकिणीच्या ते ध्यानात येते का? संक्रांतीला त्यांना तिळगूळ मिळतो का, की फक्त विजेचे बिल मिळते? नियम असावेत, मुलींचे आईवडीलही त्या नियमांच्या भरवशावरच निश्चिंत झोपतात. परंतु ओसरीवर बसलेला माणूस नुसता पहारेकरी नसे. आल्यागेल्याची विचारपूस हे त्याचे पहिले काम.

वसतिगृहाच्या नि महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवून चालत नाही, म्हणून तिथे कुणातरी दूरच्या मामाचे नाव लिहिले जाते. त्या मामाने भाचीला दहावीनंतर पाहिलेलेही नसते. वर्षभरात त्याला एकही फोन जात नाही, आणि गेलाच तर तो दवाखान्यातून जातो. या सभागृहात अशी पुष्कळ घरे आहेत, ज्यांची मुले पुण्याला वा परदेशी आहेत आणि रविवारी दुपारी जेवायला पानावर दोनच माणसे असतात. येत्या जूनमध्ये ते अर्ज पुन्हा भरले जातील. ज्यांना एखाद्या मुलीचे किंवा मुलाचे स्थानिक पालक म्हणून नाव द्यायचे असेल, त्यांच्यासाठी बाहेर टेबलाशी एक वही ठेवली आहे. नाव, पत्ता नि दूरध्वनी क्रमांक लिहावा. आणि कोणत्या वारी जेवायला बोलावता येईल, तेही.